बर्लिनच्या ब्रिट्स उपनगरातील संरक्षित घरे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐतिहासिक वास्तू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे किल्ला, देऊळ, राजवाडा किंवा निदान एखादा चौसोपी वाडा उभा राहतो. बर्लिनच्या दक्षिणेकडील ब्रिट्स या उपनगरात कायद्याने जपलेली सर्वांत महत्त्वाची वास्तू मात्र सुमारे शंभर वर्षांपूर्वी भाड्याने देण्यासाठी बांधलेली साधी घरे आहेत. त्यांत आजही माणसे राहतात, स्वयंपाक करतात आणि खिडक्यांतून वारा येतो म्हणून तक्रारही करतात. खालील बहुतेक प्रश्न या एका गोष्टीतून निर्माण झालेले आहेत.

ब्रिट्स नेमके कोठे आहे आणि तेथे काय काय संरक्षित आहे?

ब्रिट्स हा बर्लिनच्या नॉयक्योल्न या जिल्ह्याचा एक भाग आहे. १ ऑक्टोबर १९२० रोजी आजूबाजूची गावे आणि नगरे सामावून घेऊन बृहद्-बर्लिन अस्तित्वात आले, त्या दिवसापर्यंत ते स्वतंत्र गाव होते. त्या गावपणाच्या खुणा अजून टिकून आहेत. ओबडधोबड दगडांत बांधलेले मध्ययुगीन चर्च, त्याच्याजवळची जमीनदारांची गढी व तिचे गोठे-कोठारे, आणि थोड्या अंतरावरची १८६६ सालची डच पद्धतीची पवनचक्की या सगळ्या गोष्टी संरक्षित यादीत आहेत. गढीला आज ‘श्लोस ब्रिट्स’ म्हणजे ब्रिट्सचा राजवाडा म्हणतात, पण ते नाव तिला जरा मोठेच आहे. अठराव्या शतकात ती एवाल्ड फ्रीडरिश फोन हेर्त्सबेर्ग या प्रशियाच्या मंत्र्याकडे होती आणि तिचे आजचे रूप मुख्यतः १८८० च्या दशकातील फेरबांधणीचे आहे.

तथापि जगभरातून लोक ब्रिट्सला येतात ते या गढीसाठी नव्हे. तिच्याच जमिनीवर १९२५ ते १९३० या काळात उभ्या राहिलेल्या ‘हूफआयझनझीडलुंग’ या वसाहतीसाठी ते येतात. हूफआयझन म्हणजे घोड्याचा नाल आणि झीडलुंग म्हणजे वसाहत.

वसाहतीला नालाचा आकार का दिला?

जागेच्या मध्यभागी हिमयुगातून उरलेले एक नैसर्गिक तळे होते. एखाद्या सामान्य ठेकेदाराने ते बुजवून त्यावर आणखी चार इमारती उठवल्या असत्या. वास्तुरचनाकार ब्रुनो टाउट यांनी ते तसेच ठेवले आणि त्याच्याभोवती तीन मजल्यांची, सुमारे ३५० मीटर लांबीची एकच वळणदार इमारत अशा रीतीने गुंडाळली की तिचे उघडे तोंड रस्त्याकडे आणि सर्व घरांचे सज्जे तळ्याकडे झाले. त्यामुळे मधली हिरवी जागा कोणा एकाची न राहता सर्वांची झाली, आणि कोणत्याही सज्जात उभे राहिले तरी समोर शेजारी दिसतो, पण तो इतक्या अंतरावर असतो की त्याच्या ताटात काय आहे ते दिसत नाही. आपल्याकडच्या चाळीच्या चौकाची आठवण येणे स्वाभाविक आहे, परंतु येथे जाण्यायेण्याचे जिने बाहेरच्या अंगाला असून चौकाकडे फक्त सज्जे आहेत, हा फरक ध्यानात घ्यावा.

नाल हा वसाहतीचा केवळ एक भाग आहे. त्याच्या पश्चिमेला ह्यूझुंग नावाचा, पत्त्यांतील चौकटच्या आकाराचा चौक आहे, जुन्या जर्मन खेड्यातील सामाईक गायरानाची आठवण करून देणारा. त्याच्या सभोवार एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या दुमजली घरांच्या ओळी आहेत, आणि प्रत्येक घरामागे बाग आहे. वसाहतीत एकूण १,९६३ घरे आहेत. त्यांपैकी ६७९ अशी बाग असलेली ओळघरे आणि बाकीचे बहुमजली इमारतींमधील फ्लॅट आहेत.

ही वसाहत कोणी बांधली आणि त्यासाठी पैसा कोठून आला?

आराखडा टाउट यांचा होता आणि त्यांच्या बरोबरीने मार्टिन वाग्नर यांचे नाव घ्यावे लागते. वाग्नर पुढे १९२६ पासून बर्लिनचे नगररचना-प्रमुख झाले. बांधणारी संस्था गेहाग ही होती. कामगार संघटनांच्या पुढाकाराने १९२४ मध्ये स्थापन झालेली ही गृहनिर्माण कंपनी नफ्यासाठी नव्हे, तर घरांसाठी काढलेली होती. बागांची आखणी लेबेरेख्त मिगे आणि ओटोकार वाग्लर यांच्याकडे होती.

पैशाची कथा अधिक रंजक आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या भयंकर महागाईत जर्मन चलनाची किंमत शून्यावर आली, तेव्हा जुन्या घरमालकांची गहाणखताची कर्जे अक्षरशः एका पावाच्या किमतीत फिटली. घर मात्र जागच्या जागी राहिले. या आयत्या लाभावर सरकारने १९२४ मध्ये एक कर बसवला आणि त्याच्या उत्पन्नातील मोठा वाटा नव्या घरांच्या बांधकामाकडे वळवला. बर्लिनमधील १९२० च्या दशकातील बहुतेक प्रसिद्ध वसाहती या कराच्या आधाराने उभ्या राहिल्या.

तरीही पैसा अपुराच होता, म्हणून वाग्नर यांनी बांधकामाचेच गणित बदलले. घरांचे मोजके नमुने ठरवून तेच पुन्हा पुन्हा बांधायचे, कामगारांच्या टोळ्यांना ठरावीक कामे वाटून द्यायची आणि माती उपसण्यासाठी यंत्रे लावायची, अशी ती पद्धत होती. नालाची इमारतसुद्धा एकाच नमुन्याचे तुकडे एकापुढे एक जोडून तयार झाली आहे. ज्या आकृतीला लोक आज शिल्प समजतात ती मुळात काटकसरीची आहे, हे मला या वसाहतीतील सर्वांत शिकण्यासारखे वाटते.

मग ही कामगारांची वसाहत होती का?

हेतू तो होता. प्रत्यक्षात इतकी काटकसर करूनही भाडे अकुशल कामगाराच्या आवाक्याबाहेरच राहिले आणि येथे राहायला आले ते मुख्यतः कारकून, शिक्षक, सरकारी नोकर आणि चांगला पगार मिळवणारे कुशल कारागीर. त्या काळी बर्लिनच्या जुन्या भाड्याच्या इमारतींमध्ये अंधारी अंगणे आणि अनेक कुटुंबांत मिळून एक शौचालय ही सर्रास स्थिती होती. त्यांच्या तुलनेत स्वतंत्र स्वयंपाकघर, घरातच न्हाणीघर आणि उन्हाकडे तोंड असलेला सज्जा ही गोष्ट मध्यमवर्गालाही नवलाची होती.

इतक्या साध्या घरांना संरक्षण देण्याचे कारण काय?

१९८६ मध्ये ही वसाहत संरक्षित वास्तू म्हणून नोंदवली गेली. जुलै २००८ मध्ये युनेस्कोने बर्लिनमधील सहा आधुनिक वसाहतींचा एकत्रित समावेश जागतिक वारसा यादीत केला. ब्रिट्सची नालवसाहत त्यांतील बहुधा सर्वांत परिचित आहे. इतर पाच म्हणजे बोन्सडोर्फमधील फाल्केनबेर्ग, वेडिंगमधील शिलरपार्क, प्रेन्झलाउअर बेर्गमधील कार्ल लेगीन, राइनिकेनडोर्फमधील ‘श्वेतनगरी’ आणि झीमेन्सश्टाट. या पाचांपैकी फाल्केनबेर्ग, शिलरपार्क आणि कार्ल लेगीन या तिन्ही वसाहतींमागे टाउट यांचाच हात आहे.

जर्मनीतील कायदा वास्तूची श्रीमंती पाहत नाही. इतिहास, कला, विज्ञान किंवा नगररचना यांपैकी कोणत्या कारणासाठी तिचे जतन सार्वजनिक हिताचे आहे, एवढेच तो विचारतो. सामान्य माणसालाही उजेड, हवा आणि झाड यांवर हक्क आहे हे मत एके काळी राजकीय घोषणा होते. ब्रिट्समध्ये ते विटा आणि गिलाव्यात उतरलेले दिसते. शिवाय नंतर जगभर उभ्या राहिलेल्या असंख्य गृहनिर्माण प्रकल्पांनी येथील धडे अर्धवट गिरवले, म्हणजे एकसारखे नमुने उचलले पण तळे, बाग आणि रंग मागे ठेवले. त्यामुळे मूळ उदाहरण पाहण्याची गरज अधिकच वाढते.

जागतिक वारसा यादीत नाव असल्याने घरमालकावर कोणती बंधने येतात?

यादीतील नावामुळे थेट अशी कोणतीही नाही. युनेस्कोचा दर्जा हा देशाने जगाला दिलेला शब्द असतो, आणि तो पाळण्याची जबाबदारी देशातल्या यंत्रणेवर असते. घरमालकाला बांधून ठेवतो तो बर्लिन राज्याचा वास्तुसंरक्षण कायदा. मात्र शब्द मोडल्यास दर्जा जाऊ शकतो, आणि याचे उदाहरण जर्मनीतच आहे. ड्रेस्डेनजवळच्या एल्बे नदीच्या खोऱ्यातून नवा पूल बांधण्याचा हट्ट शहराने सोडला नाही, तेव्हा २००९ मध्ये त्या खोऱ्याचे नाव यादीतून वगळण्यात आले.

हा कायदा संपूर्ण जर्मनीत एकच आहे का? त्यात श्रेणी असतात का?

संस्कृती हा जर्मनीत राज्यांचा विषय असल्यामुळे सोळा राज्यांचे सोळा स्वतंत्र कायदे आहेत. म्युनिकमधील नातेवाइकांचा अनुभव बर्लिनला लागू पडेलच असे नाही. बर्लिनचा सध्याचा कायदा २४ एप्रिल १९९५ चा आहे. योगायोग असा की मुंबईची वारसा नियमावली त्याच महिन्यात, २१ एप्रिल १९९५ रोजी निघाली. पण मुंबईत जशा एक, दोन-अ, दोन-ब आणि तीन अशा श्रेणी आहेत व श्रेणीप्रमाणे बंधने सैल होत जातात, तसे बर्लिनमध्ये नाही. वास्तू एक तर संरक्षित असते किंवा नसते. किती बदल चालेल हे प्रत्येक प्रकरणात त्या वास्तूचे महत्त्व कशात आहे ते पाहून ठरते.

कायद्यात संरक्षणाचे चार प्रकार सांगितले आहेत : एकटी वास्तू, वास्तूंचा समूह, उद्यान आणि जमिनीखालील पुरावशेष. नालवसाहतीत समूहाचे तत्त्व महत्त्वाचे आहे. एखादे ओळघर सुटे काढून पाहिले तर त्यात विशेष काही दिसणार नाही. त्याचे मोल ओळीत आहे, आणि म्हणूनच एका घरमालकाने दार बदलले तर नुकसान साऱ्या ओळीचे होते. “हे माझे घर आहे” या वाक्याला येथे जी मर्यादा पडते, ती याच कारणाने.

रंगांबाबत इतका आग्रह कशासाठी?

कारण येथे रंग हा सजावटीचा नव्हे, तर बांधकामाचा भाग आहे. कोरीव काम, स्तंभ आणि नक्षी यांना पैसा लागतो. रंगाला जवळजवळ लागत नाही. एकाच नमुन्याच्या शेकडो घरांना वेगळेपण देण्यासाठी टाउट यांनी हे सर्वांत स्वस्त साधन वापरले. १९२१ ते १९२४ या काळात माग्डेबुर्गचे नगररचना-प्रमुख असताना त्यांनी त्या शहराचे जुने रस्ते रंगवून काढले होते आणि त्याबद्दल भरपूर टीकाही ऐकली होती. त्याही आधी १९१३ मध्ये सुरू झालेल्या फाल्केनबेर्गच्या वसाहतीला बर्लिनकरांनी ‘रंगपेटी’ असे टोपणनाव दिले होते.

ब्रिट्समध्ये नालाच्या आतल्या बाजूला पांढरा गिलावा, सज्ज्यांच्या आत गडद निळा आणि छताखालच्या पट्ट्यालाही निळा रंग आहे. ओळघरांत बैलाच्या रक्ताचा म्हणून ओळखला जाणारा गर्द तांबडा, पिवळा, पांढरा आणि निळा असे रंग येतात. काही ठिकाणी ओळीतील टोकाचे घर थोडे पुढे ओढून त्याला वेगळा रंग दिलेला आहे, त्यामुळे रस्ता संपण्याआधी नजर क्षणभर थांबते. फ्रिट्स-रॉयटर-अले या रस्त्यावरच्या लांबच लांब तांबड्या इमारतींना तर ‘लाल आघाडी’ हे नाव पडले. रस्त्यापलीकडे त्याच सुमारास दुसऱ्या कंपनीने उतरत्या कौलारू छपरांची, पारंपरिक वळणाची वसाहत बांधली आणि सपाट छप्पर विरुद्ध उतरते छप्पर हा त्या काळचा कडवा वाद एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर उभा राहिला. आज दोन्ही बाजू संरक्षित आहेत.

मूळ रंग खनिज-सिलिकेट प्रकारचे होते. हा रंग गिलाव्यावर पापुद्र्यासारखा न बसता त्याच्याशी रासायनिकरीत्या एकजीव होतो आणि भिंतीला श्वास घेऊ देतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत अनेक ठिकाणी भलतेच रंग चढले. पुढे जुन्या थरांचे खरवडून परीक्षण करून मूळ छटा पुन्हा शोधण्यात आल्या. त्यामुळे “जवळपास तसाच” रंग दुकानातून आणून लावणे येथे चालत नाही.

घरात कोणकोणत्या कामांसाठी परवानगी लागते?

संरक्षित वास्तूचे बाह्यरूप बदलणे, तिचा काही भाग काढून टाकणे आणि तिची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करणे या सर्वांसाठी परवानगी लागते. शेवटच्या शब्दांकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते. ‘दुरुस्ती’ म्हणजे काही नवे नाही, तर परवानगी कशाला, असा समज असतो. परंतु वास्तूचे सर्वाधिक नुकसान चांगल्या हेतूने केलेल्या दुरुस्तीतच होते, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. दार, खिडकी, गिलावा, छताची कौले, पायऱ्या, बाहेरून दिसणारी दूरचित्रवाणीची तबकडी (डिश), सज्जावर आच्छादन, मागील बाजूची वाढीव खोली ही सगळी कामे यात मोडतात. घराच्या आतील मूळ जिने, दारे किंवा मांडणी यांनाही संरक्षण लागू होऊ शकते, म्हणून भिंत पाडण्यापूर्वी विचारणे शहाणपणाचे आहे.

अर्ज जिल्ह्याच्या वास्तुसंरक्षण कार्यालयाकडे, म्हणजे ब्रिट्ससाठी नॉयक्योल्नकडे करावा लागतो. ते कार्यालय राज्यस्तरीय तज्ज्ञ संस्थेशी, लांडेसडेंकमालआम्टशी, विचारविनिमय करून निर्णय घेते. अर्ज भरण्यापूर्वी अधिकाऱ्याशी बोलून घ्यावे असा माझा आग्रह राहील. कंत्राटदाराचे दरपत्रक हातात घेऊन मग परवानगी मागणे म्हणजे लग्नाच्या पत्रिका छापून मग मुलगी पाहायला जाण्यासारखे आहे.

जुन्या खिडक्यांतून थंडी येते. प्लास्टिकच्या नव्या खिडक्या बसवता येतील का?

साधारणपणे नाही. येथील मूळ खिडक्या लाकडी असून पुष्कळ ठिकाणी त्या एकामागे एक अशा दोन झडपांच्या, मध्ये हवेचा कप्पा असलेल्या पद्धतीच्या आहेत. त्यांच्या सडपातळ चौकटी आणि एकाच खिडकीत दोन-तीन रंग वापरण्याची पद्धत हा दर्शनी रूपाचा अविभाज्य भाग आहे. प्लास्टिकची जाड चौकट बसवली की खिडकी लहान आणि भिंत आंधळी दिसू लागते. सुताराकडून फटी बंद करून घेणे, रबरी पट्ट्या बसवणे आणि आतल्या झडपेत अधिक चांगली काच घालणे हे उपाय सहसा मान्य होतात, आणि त्यांनी पुष्कळ फरक पडतो. लाकूड खरोखरच कुजले असेल तर मूळ मापाची, मूळ विभागणीची नवी लाकडी खिडकी करून घ्यावी लागते. ती स्वस्त नसते, हे मान्य केले पाहिजे.

भिंतींना बाहेरून उष्णतारोधक थर आणि छतावर सौर पट्ट्या लावता येतात का?

बाहेरून थर लावला की गिलाव्याचा पोत, खिडकीची खोली, छताची धारदार कड आणि अर्थातच रंग, सगळे काही त्याखाली गाडले जाते. म्हणून दर्शनी भिंतींवर असा थर मान्य होणे जवळजवळ अशक्य आहे. इमारतींच्या ऊर्जावापरासंबंधीच्या जर्मन कायद्यानेही याची दखल घेतली आहे. त्यातील अटी पाळल्याने संरक्षित वास्तूच्या मूळ स्वरूपाला बाधा येत असेल, तर त्या अटींपासून सूट मिळते. पण सूट मिळाली म्हणजे थंडी कमी होत नाही. तळघराचे छत आणि पोटमाळ्याची जमीन आतून उष्णतारोधक करणे हा येथे सर्वांत निरुपद्रवी आणि परिणामकारक मार्ग आहे, कारण तो कोणाला दिसत नाही.

सौर पट्ट्यांबाबतचा विचार अलीकडे बदलतो आहे. २०२२ पासून जर्मन कायद्याने अक्षय ऊर्जेला अत्यंत महत्त्वाच्या सार्वजनिक हिताचा दर्जा दिला असून, अर्ज तपासताना ते हित संरक्षणाच्या हिताच्या बरोबरीने तोलले जाते. पट्ट्या रस्त्यावरून दिसतात का, त्यांसाठी मूळ सामग्रीला भोके पाडावी लागतात का आणि त्या पुढे काढता येतील का, या प्रश्नांच्या उत्तरांवर निर्णय अवलंबून असतो.

बागेतही नियम? झाडे आणि कुंपण तरी आपले असते ना?

मालकी आपली असते, पण आखणी वसाहतीची आहे. मिगे यांच्या दृष्टीने बाग ही घराबाहेरची खोली होती. त्यात भाजी पिकावी, फळझाड असावे आणि मुलांनी मातीत खेळावे अशी अपेक्षा होती. कमी उंचीची झुडपांची कुंपणे, आपल्याकडच्या मेंदीच्या कुंपणासारखी, बागांना वेगळे करतात पण नजर अडवत नाहीत. त्या जागी उंच लाकडी फळ्यांची भिंत उभारणे, पुढची हिरवळ फरसबंद करून गाडी लावणे किंवा मोठी खोपटी बांधणे हे बदल आखणीवर घाव घालणारे ठरतात. वांगी लावावीत की गुलाब, यात मात्र कोणीही ढवळाढवळ करत नाही.

एवढ्या बंधनांच्या बदल्यात मालकाला काही मिळते का?

मुख्य लाभ आयकरातील सवलतीचा आहे. घर भाड्याने दिलेले असल्यास मान्य झालेला दुरुस्तीखर्च बारा वर्षांत पूर्णपणे वजा करता येतो : पहिली आठ वर्षे दरवर्षी ९ टक्के आणि पुढील चार वर्षे दरवर्षी ७ टक्के. मालक स्वतः राहत असल्यास दहा वर्षे दरवर्षी ९ टक्के, म्हणजे एकूण ९० टक्के. हा कर कमी होण्याचा लाभ आहे, हातात पडणारे अनुदान नव्हे. ज्याचा आयकरच थोडा आहे त्याला त्याचा उपयोगही थोडाच होतो. घराची खरेदीकिंमत यात धरली जात नाही.

येथे एक अट निर्णायक आहे. काम सुरू करण्यापूर्वी ते संरक्षण कार्यालयाशी ठरवून घेतलेले असले पाहिजे आणि नंतर तसे प्रमाणपत्र मिळाले पाहिजे. आधी काम आणि मग कागद असा क्रम झाला, तर काम कितीही उत्तम असले तरी सवलत हातची जाते.

ओळघरे आता खासगी मालकीची कशी झाली?

गेहाग कंपनीचे १९९८ मध्ये खासगीकरण झाले आणि त्यानंतर ओळघरे एकेक करून विकली गेली. फ्लॅट असलेल्या इमारती मात्र मोठ्या कंपनीकडेच राहिल्या. ज्या वसाहतीची सारी कल्पना एका मालकाच्या हाती असलेल्या एकसंध देखभालीवर उभी होती, तिला अचानक शेकडो मालक मिळाले. प्रत्येकाच्या दाराचा मूळ रंग कोणता आणि खिडकीची विभागणी कशी होती, हे त्याला कसे कळावे? या अडचणीतून घरनिहाय माहिती देणारा एक संगणकीय माहितीसंग्रह तयार झाला, ज्यात मालकाला आपल्या घराचे रंग, दारे, गिलावा आणि बाग यांचे तपशील मिळतात. संरक्षणाच्या क्षेत्रात मनाई करणारी पत्रे पुष्कळ असतात. “काय करावे” हे सांगणारे असे साधन मला त्यापेक्षा अधिक उपयोगी वाटते.

आम्ही भाडेकरू आहोत. आमच्यावर काय जबाबदारी येते?

परवानगी मागण्याची आणि देखभालीची जबाबदारी मालकाची असते, परंतु परवानगीवाचून केलेल्या बदलाचा जाब प्रत्यक्ष बदल करणाऱ्यालाही द्यावा लागतो. सज्जात जाळी ठोकणे, निळ्या भिंतीला दुसरा रंग देणे किंवा बाहेरून वातानुकूलन यंत्र बसवणे यापूर्वी मालकाला लेखी विचारावे.

परवानगी न घेता बदल केल्यास काय होते?

कार्यालय काम थांबवू शकते आणि वास्तू स्वखर्चाने पूर्ववत करण्याचा आदेश देऊ शकते. बर्लिनच्या कायद्यात दंडाची कमाल मर्यादा पाच लाख युरो आहे. एखाद्या दारासाठी कोणी इतका दंड करत नाही, पण बसवलेले दार काढून पुन्हा नवे करून घेणे हीच पुरेशी शिक्षा असते. दुसरीकडे, मालकावर देखभालीचे ओझे घालतानाही कायदा ‘वाजवी मर्यादेत’ असे म्हणतो. खर्च खरोखरच पेलण्यापलीकडचा असल्याचे आकड्यांनिशी दाखवता आले, तर त्याचा विचार करावा लागतो.

टाउट आणि वाग्नर यांचे पुढे काय झाले?

नाझी सत्तेवर आल्यावर दोघांनाही देश सोडावा लागला. टाउट मार्च १९३३ मध्ये निसटले, जपानमध्ये तीन वर्षे राहिले आणि १९३६ मध्ये तुर्कस्तानात प्राध्यापक झाले. नोव्हेंबर १९३८ मध्ये केमाल अतातुर्क यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या पार्थिवासाठीच्या चौथऱ्याची रचना टाउट यांनीच केली. त्यानंतर दीड महिन्यात, २४ डिसेंबर रोजी, ते स्वतः इस्तंबूलमध्ये वारले आणि तेथेच त्यांचे दफन झाले. वाग्नर १९३५ मध्ये तुर्कस्तानात आणि १९३८ मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. १९५७ मध्ये त्यांचे तेथेच निधन झाले.

वसाहतीतील रहिवाशांपैकी कवी आणि अराज्यवादी लेखक एरिश म्यूझाम यांचे नाव विसरता येत नाही. राइशटाग या जर्मन संसदभवनाला आग लागली त्या रात्रीनंतर, २८ फेब्रुवारी १९३३ च्या पहाटे, त्यांना येथील घरातून अटक झाली आणि जुलै १९३४ मध्ये ओरानियनबुर्गच्या छळछावणीत त्यांची हत्या झाली. ते राहत होते त्या घरापाशी स्मृतिफलक आहे.

रस्त्यांची नावे बर्लिनच्या लोकांनाही विचित्र वाटतात, ती कसली आहेत?

ती उत्तर जर्मनीच्या बोलीत लिहिणारे एकोणिसाव्या शतकातील लेखक फ्रिट्स रॉयटर यांच्या साहित्यातील पात्रांची आणि शब्दांची आहेत. ह्यूझुंग या शब्दाचा त्या बोलीतील अर्थच निवारा, राहण्याची जागा असा आहे. वसाहतीच्या चौकाला याहून समर्पक नाव सापडणे कठीण होते.

वसाहत पाहायला कसे जावे आणि कोणते पथ्य पाळावे?

भुयारी रेल्वेच्या यू-७ मार्गावर पार्शिमर अले हे स्थानक सोयीचे आहे. ब्लाश्कोअले या स्थानकावरूनही चालत जाता येते. नालाच्या तोंडाशी, फ्रिट्स-रॉयटर-अले ४४ येथे रहिवाशांच्या मित्रमंडळाच्या पुढाकाराने चालणारे माहिती केंद्र आहे. ते रोज उघडे नसते, म्हणून वेळ आधी पाहून घ्यावी. सप्टेंबरमध्ये साजऱ्या होणाऱ्या ‘खुल्या वास्तूंच्या दिवशी’ देशभरातील एरवी बंद असलेल्या वास्तू पाहता येतात; हा उपक्रम जर्मनीत १९९३ पासून चालू आहे.

दुपारनंतर गेल्यास सज्जांच्या निळ्या रंगावर ऊन आणि सावली यांचा खेळ चांगला दिसतो. तळ्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या आणि भोवतालची हिरवळ सर्वांसाठी खुली आहे. त्या हिरवळीच्या कडेने, झुडपांच्या बुटक्या कुंपणाआड असलेल्या बागा मात्र तेथील कुटुंबांच्या आहेत. कुंपण बुटके असले तरी ओलांडू नये, आणि खिडकीत कोणी उभे असेल तर छायाचित्र काढण्यापूर्वी थोडे थांबावे.